गुडघाभर पाया

मी एक जुनी पावभट्टी आहे, आणि मला एक तक्रार सांगायची आहे.

मित्रांनो, भट्टीची तक्रार म्हटल्यावर ती आगीबद्दल असेल असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. आग हे माझं काम आहे. माझी तक्रार थंडीबद्दलही नाही. कॅनडातल्या विनिपेग शहरातली थंडी आपल्या नियमाने येते आणि नियमाने जाते. तिच्यावर रागावून काय उपयोग? माझा राग आहे तो मला बांधणाऱ्या माणसांवर. ती मला अतिशय प्रिय आहेत. परक्यांचा मला इतका राग आलाच नसता.

मला बांधणाऱ्या गवंड्याचं नाव बेल्मिरो. तो आणि त्याची बायको झुल्मिरा अटलांटिक समुद्रातल्या साओ मिगेल या पोर्तुगीज बेटावरचे. त्या बेटावर हिवाळ्यात पाऊस असतो, वारा असतो, पण जमीन कधी गोठत नाही. बेल्मिरो आधी एकटाच इकडे आला. सुरुवातीला त्याने रेल्वेच्या रुळांवरचा बर्फ उपसला, मग शहरात इमारतींचे पाये भरण्याच्या कामाला लागला. नंतर झुल्मिरा आली, लहानग्या ओदिलियाला कडेवर घेऊन. तिच्या भाड्याच्या खोलीत विजेची भट्टी होती. पहिल्याच आठवड्यात झुल्मिराने तिचं नाव 'कपाट' ठेवलं. या कपाटात पाव भाजत नाही, नुसता गरम होतो, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

त्या काळात इथल्या पोर्तुगीज लोकांनी मंडळासाठी एक जुनं गोदाम घेतलं होतं. शनिवारी पुरुष तिथे भिंती रंगवत, फरशा बसवत. बायका खारवलेल्या माशाचे वडे तळून विकत, आणि त्या वड्यांतूनच रंग आणि फरशा येत. मंडळात बायकांना मत नव्हतं. वडे मात्र त्यांचेच होते. झुल्मिराने त्या वड्यांच्या जोरावर मागणी केली: मागच्या अंगणात लाकडावर चालणारी भट्टी हवी, नाहीतर सणाच्या पावाचं आम्हाला सांगू नका.

सण म्हणजे पवित्र आत्म्याचा सण. बेटावरच्या माणसांना नाताळ एकवेळ साधा झाला तरी चालतो, हा सण साधा झालेला चालत नाही. चिठ्ठ्या टाकून एका घराला यजमानपद मिळतं. पवित्र आत्म्याची खूण असलेला चांदीचा मुकुट त्या घरात येऊन बसतो, आणि सणाच्या दिवशी त्या घराने दारात येईल त्याला, ओळखीचा असो की नसो, मांसाचा रस्सा आणि पाव पोटभर वाढायचा असतो. रस्सा कुठल्याही चुलीवर होतो. पाव होत नाही. त्यामुळे झुल्मिराची मागणी मान्य झाली, आणि मे महिन्यातल्या एका शनिवारी बेल्मिरोने अंगणात खणायला सुरुवात केली.

गुडघाभर खड्डा झाल्यावर त्याने कुदळ बाजूला ठेवली. शेजारी गुआल्तेर उभा होता. गुआल्तेर मंडळाचा अध्यक्ष. तो बेटावरचा नव्हे, पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या डोंगरातला. ओदिलियाच्या बाप्तिस्म्याच्या वेळचा तो धर्मपिता, म्हणून तो आणि बेल्मिरो एकमेकांना 'कोम्पाद्रे' म्हणत. दोघं एकाच ठेकेदाराकडे पाये भरायचे.

"कोम्पाद्रे, एवढंच?" गुआल्तेरने विचारलं. "काल शाळेच्या खड्ड्यात तू उभा होतास तर वरून दिसत नव्हतास."

"ती शाळा शंभर वर्षं उभी राहायचीय. आपण पाच वर्षांत परत. तेवढ्यासाठी कंबर कशाला मोडायची? माझ्या बापाची भट्टी गुडघाभर पायावर आहे, अजून उभी आहे."

"तुझ्या बापाच्या गावात जमीन गोठते का?"

"तुझ्या गावात गोठते. म्हणून तुमचा पाव दगडासारखा निघतो का?"

सगळे हसले. गुआल्तेरही हसला, कारण त्याच्याही पलंगाखाली एक पेटी भरून तयार होती. माझं नशीब त्या हसण्यात ठरलं. मित्रांनो, त्या अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला या शहरात पाया किती खोल लागतो ते ठाऊक होतं. आठवडाभर ते तेच काम करत होते. पण ते दुसऱ्यांसाठी. स्वतःची भट्टी बांधताना त्यांचे हात बेटावर जाऊन पोचले आणि डोकंही त्यांच्या मागोमाग गेलं.

त्यानंतर मात्र बेल्मिरोने कसूर केली नाही. दगडी चौथऱ्यावर त्याने ओल्या वाळूचा गोल ढीग केला, त्याच्यावर विटांचा घुमट रचला, मागची बाजू मंडळाच्या भिंतीला जोडून धुराडं वर काढलं. सगळं वाळल्यावर त्याने माझ्या तोंडातून आतली वाळू हातांनी उपसली. वाळू बाहेर आली आणि घुमट जागच्या जागी राहिला. मला आजही याचं नवल वाटतं. प्रत्येक वीट शेजारणीला ढकलत असते, आणि त्या ढकलाढकलीतूनच छत उभं राहतं. अट एकच, खालची जमीन हलता कामा नये.

पहिल्या सणाचं काय सांगू! झुल्मिराने पहाटे माझ्या पोटात लाकडं पेटवली. विटा आधी काजळीने काळ्या झाल्या, मग काजळी जळून पुन्हा उजळ झाल्या. तेव्हा तिने निखारे बाहेर ओढले आणि माझ्या आतल्या तळावर चिमूटभर पीठ टाकलं. पीठ लगेच काळं पडलं, म्हणजे अजून थांबायचं. पुन्हा टाकलं, ते सावकाश बदामी झालं, म्हणजे पाव घालायचे. आतली राख झाडायला बेटावर हिरव्या फांद्यांचा झाडू करतात. इथे तिला जवळ मिळाल्या त्या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या. त्यांचा चीक विटांना लागला आणि पहिल्या घाण्याच्या पावाला फरशी पुसायच्या औषधाचा वास आला. गुआल्तेर म्हणाला की पाव खाताना तोंडातली फरशी पुसली जातेय असं वाटतं. दुसरा घाणा झुल्मिराने ओल्या गोणपाटाने झाडून घातला. तो पाव खाऊन त्याच गुआल्तेरने आणखी एका तुकड्यासाठी हात पुढे केला, आणि जमलेल्या म्हाताऱ्या बायकांनी माझ्या अंगावरून हात फिरवला. एवढं कौतुक मला नंतर कधी मिळालं नाही.

मग हिवाळा आला.

जमीन गोठते म्हणजे काय होतं ते मी खालून अनुभवलं आहे, म्हणून नीट सांगते. मातीतलं पाणी गोठताना थोडं फुगतं, हे तर आहेच. पण खरी गंमत पुढची आहे. गोठलेला थर खालच्या ओल्या मातीतलं पाणी शोषून वर ओढत राहतो, आणि जमिनीच्या आत बर्फाच्या चकत्या जाड होत जातात. त्या चकत्या वरचं सगळं उचलतात. दगड, कुंपणाचे खांब, भट्ट्या, कुणाचीही गय नाही. मंडळाच्या गोदामाचा पाया इथल्याच लोकांनी पूर्वी भरलेला, गोठणाऱ्या थराच्या खूप खाली गेलेला. ते जागचं हललं नाही. माझा पाया गुडघाभर. मी वर उचलली गेले. माझी पाठ भिंतीपासून फाटली आणि धुराड्यापासून तोंडापर्यंत एक भेग पडली.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर मंडळी माझ्याभोवती जमली. गुआल्तेरच्या मते बायकांनी आग फार केली. बेल्मिरोच्या मते विटा इथल्या, म्हणून कच्च्या. कुणी धुराड्याला दोष दिला, कुणी चुन्याला. शेवटी बेल्मिरोने गिलाव्याची बादली आणली आणि भेग लिंपली. कुणीही खाली पाहिलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण भट्टीला धुरापलीकडे भाषा नसते. सणाच्या दिवशी मी भेगेतून जमेल तेवढा धूर काढला. लोक डोळे चोळत बाहेर गेले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी जरा जाड लिंपू.

मित्रांनो, असं दर वर्षी झालं. हिवाळ्यात मी वर जायची, वसंतात तिरकी होऊन खाली बसायची, मग गिलाव्याची बादली यायची. आणि दर वर्षी त्याच बादलीभोवती उभं राहून ही माणसं परत जाण्याच्या गोष्टी करायची. बेल्मिरोने बेटावर एक घर बांधलं, दोन मजली, निळ्या खिडक्यांचं. तिथे तो उन्हाळ्यात थोडे दिवस राहून यायचा आणि उरलेलं वर्ष ते कुलपात असायचं. "इथला हा शेवटचा उन्हाळा," असं सर्वांत मोठ्याने म्हणायचा तो बेल्मिरोचा थोरला भाऊ लौरेन्यो. एका जानेवारीत तो गेला. दफनभूमीतली माती आधी तापवावी लागली, मग खणावी लागली. खोल खणली. या देशात लौरेन्योच्या नावाने खोल खणलेली ती पहिली जागा. तिथून परतलेल्या त्याच हातांनी वसंतात माझी भेग लिंपली. त्या वर्षी मला इतका संताप आला की मी झुल्मिराचा एक अख्खा घाणा करपवला. त्याचं मला वाईट वाटतं, कारण चूक तिची नव्हती. ती तर दर वर्षी सांगत होती. धुरात उभी राहून, डोळे पुसत, हे लिंपणं बंद करा आणि काहीतरी कायमचं करा, असं तिने किती वेळा सांगितलं. तिला उत्तर मिळायचं की कायमचं तर आता बेटावरच जाऊन करू.

ओदिलिया मोठी झाली, शाळेत शिकवायला लागली, तिला मुलं झाली. मंडळाने स्वयंपाकघरात रश्श्यासाठी मोठी विजेची शेगडी आणली. माझ्या धुराला कंटाळून सणाचा पाव बेकरीतून मागवला जाऊ लागला, पांढरा, सारख्या मापाचा. माझ्या पोटात बर्फ ओढायची फावडी आणि मोडक्या खुर्च्यांचे पाय ठेवू लागले. झुल्मिरा कधीतरी अंगणात यायची, फावडी बाहेर काढायची आणि माझ्या तोंडात हात घालून उगाच बघायची. मग कुणीतरी फावडी परत ठेवायचं.

असा काळ गेला आणि एका वसंतात चिठ्ठी निघाली ती बेल्मिरो आणि झुल्मिराच्या घराची. मुकुट त्यांच्या घरी आला. इतकी वर्षं चिठ्ठीत त्यांचं नाव असायचं, पण निघालं कधी नव्हतं, आणि दोघांच्या वयाकडे बघता पुन्हा निघेल याची खात्री नव्हती. आपल्या यजमानपदाचा पाव लाकडाच्या भट्टीतलाच असेल असं बेल्मिरोने मंडळात सगळ्यांसमोर जाहीर केलं. पुढच्या रविवारी तो अंगणात आला. हातात गिलाव्याची बादली आणि थापी होती.

झुल्मिरा त्याच्या मागोमाग आली आणि माझ्या तोंडाशी उभी राहिली.

"लिंपलंस तर मी यात एकही पाव घालणार नाही," ती म्हणाली.

बेल्मिरोला वाटलं ती धुराबद्दल बोलतेय. यंदा गिलाव्यात तारेची जाळी घालतो, धूर अजिबात येणार नाही, असं त्याने समजावून सांगितलं.

"अरे माणसा, जन्मभर तू लोकांना पाये घालून दिलेस. शाळेला, दवाखान्याला, त्या समोरच्या उंच इमारतीला. आणि माझी भट्टी गुडघ्यावर उभी केलीस."

"तेव्हा आपण परत जाणार होतो."

"हो ना. आणि तुझ्या त्या परत जाण्याच्या धुरात मी तीस वर्षं काढली."

बेल्मिरोने बादली खाली ठेवली. खोल खणायचं तर ही पाडावी लागेल, तो म्हणाला. खाली जमीन अजून गोठलेली आहे, पाडली तर सणापर्यंत उभी राहणार नाही. "आपल्या नावाची चिठ्ठी आलीय, झुल्मिरा. सगळ्यांसमोर बोललोय मी. यजमान होऊन लोकांना विकतचा पाव वाढायचा?"

"वाढायचा."

"हसतील."

"हसू देत. मला एकच सांग. आपण जाणार आहोत का? मला सांगू नकोस, मला तू काहीही सांगतोस. हिला सांग."

बेल्मिरो माझ्याकडे वळला. त्याने तळहात माझ्या पाठीवर ठेवला, नेमका भेगेवर. ओदिलियाची मुलं इथेच आहेत, असं काहीसं तो पुटपुटला. झुल्मिरा म्हणाली की तिने ते विचारलेलं नाही. मग त्याने अंगठ्याने भेग वरपासून खालपर्यंत चाचपली.

"नाही जाणार," तो मला म्हणाला.

तो गिलावा त्याने बादलीतच वाळू दिला आणि हातोडा आणायला गेला. पाडण्याआधी मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पण विचारायला हवं होतं.

सणाच्या दिवशी मी विटांचा ढीग होऊन ताडपत्रीखाली पडले होते. मंडळाच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे सगळं कानावर येत होतं. विकतचा पाव आलाच नाही. झुल्मिराच्या मैत्रिणींनी आपसांत ठरवून प्रत्येकीच्या विजेच्या 'कपाटात' पाव भाजले होते. एकीचा फिका, एकीचा करपलेला, एकीचा मधोमध बसलेला. कुजबुज व्हायची तेवढी झाली. बोलतात मोठं आणि भट्टी पाडून बसतात, असं एक आवाज म्हणाला. गुआल्तेर आता म्हातारा झाला होता, गुडघे धरून चालायचा. एका टणक पावाचा तुकडा रश्श्यात बुडवून त्याने मोठ्याने विचारलं की हा कुणाचा, भट्टीला वीट कमी पडली तर कामी येईल. तो पाव भाजणारी बाई पुढे आली, त्याच्या ताटातून तो तुकडा तिने काढून घेतला आणि त्याने तो विनवण्या करून परत मागून घेतला. रस्सा संपला तेव्हा पावही संपला होता. झुल्मिराला मात्र त्या दिवशी हसताना मी ऐकलं नाही. तिचं यजमानपद आलं आणि तिच्या हातच्या पावाविना गेलं.

सण उरकल्यावर खणायला सुरुवात झाली. तरुण पोरांनी यंत्र आणलं, पण कडा नीट करायला बेल्मिरो स्वतः खड्ड्यात उतरला. गुआल्तेर काठावर खुर्ची टाकून बसला.

"अजून खोल, कोम्पाद्रे," तो वरून म्हणत होता. "की पाच वर्षांत निघायचंय?"

"तू खाली ये आणि मग विचार," खालून आवाज आला.

गोठणाऱ्या थराच्या खाली जाऊन त्यांनी काँक्रीटचे खांब भरले. खांबांना गुळगुळीत आवरण घातलं, म्हणजे गोठलेली माती कितीही वर उचलली गेली तरी तिची पकड बसणार नाही. चौथरा आणि जमीन यांच्यात मोकळी जागा ठेवली. यातलं काहीही त्यांना नव्याने शिकावं लागलं नाही. हे सगळं त्यांना पहिल्या दिवसापासून येत होतं. मला कुठल्या गोष्टीचा सर्वांत जास्त राग येत असेल, तर तो याचा.

त्यानंतर बेल्मिरोने त्याच विटांनी मला पुन्हा रचलं. शरद ऋतूत माझ्यात पहिली आग पेटली. पण झुल्मिराने पीठ मळलं नाही. तिचे दोन्ही खांदे गेले होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींच्या फरशा पुसून आणि मंडळाचे वडे तळून ते झिजले होते. हात छातीच्या वर जात नव्हता, लांब दांड्याचं फळकुट उचलून पाव आत सारणं तर दूरच. ती गुआल्तेरच्या खुर्चीवर बसली आणि ओदिलियाने पाव केले.

"आई, किती वेळ ठेवू?"

"वेळ मला विचारू नकोस. पीठ टाक आणि त्याला विचार."

ओदिलियाने पीठ टाकलं, पण घाई केली. पहिला घाणा खालून करपला आणि आतून ओला राहिला. झुल्मिराने एक पाव मोडून पाहिला, वास घेतला आणि बाजूला ठेवला. ती रागावली नाही. स्वतःच्या हातांकडे बघत बसली. धूर सरळ धुराड्यातून वर जात होता, डोळ्यांत जायला तो कुठेच नव्हता, तरी तिने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले. दुसरा घाणा बरा निघाला. तिसऱ्याच्या वेळी ओदिलिया पीठ बदामी होईपर्यंत थांबली, आणि तो पाव झुल्मिराने पूर्ण खाल्ला.

त्या हिवाळ्यात जमीन पुन्हा फुगली. मागच्या दाराची पायरी उचलली गेली, कुंपणाचा एक खांब कलला. मी जागची हलले नाही. पाठीवर केसाएवढीसुद्धा रेघ उमटली नाही. आता मी दर सणाला पेटते. माझ्या पोटात फावडी ठेवायची कुणाची हिंमत नाही, कारण झुल्मिरा खुर्चीवरून बघत असते.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात की कुठे राहाल, किती दिवस राहाल, ते तुम्हाला आज सांगता येणार नाही. बेल्मिरोलाही आलं नव्हतं. पण जिथे तुमची चूल पेटेल तिथल्या जमिनीची आधी नीट चौकशी करा. भेग पडली तर लिंपायला धावू नका, खाली वाकून बघा. परत जायचं असेल तर खुशाल जा. खोल खणलेला पाया मागे राहिला म्हणून कुणाचं बिघडत नाही. आणि जे तुम्हाला येतं ते स्वतःच्या माणसांसाठी करायला तीस वर्षं लावू नका. भट्टी पुन्हा बांधता येते. झुल्मिराचे खांदे कुठल्याही गवंड्याला बांधता येत नाहीत.